पुरावा क्रमांक एक : विभाची पैठणी

२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. केस लढणाऱ्याकडे नोंदी हव्यात.
निशातगंजच्या ड्रायक्लीनरने विभाची पैठणी फाडली. पदराच्या काठाशी बोटभर चीर. तिच्या आईची आठवण. फेब्रुवारीत लेकीच्या, अमृताच्या लग्नात तिला हीच नेसायची आहे. दुकानदार अनुपने हात जोडले, चौकातल्या रफूगराकडून स्वखर्चाने दुरुस्त करून देतो म्हणाला. मी म्हटलं, अब आयोग में मिलेंगे. विभाने कोपर मारलं. बायकोला तत्त्व कळत नाही.

५ सप्टेंबर
ग्राहक आयोगाची सगळी माहिती काढली. वकील लागत नाही. एवढ्याशा दाव्याला फी नाही. स्वतः उभं राहायचं, स्वतः बोलायचं. जन्मभर रेल्वेचे पूल तपासले, एक साडी काय जड!
विभा म्हणते, रफू करून विषय संपवा. तिला समजावलं, पुराव्याला हात लावायचा नसतो. पैठणी ब्राऊन पेपरात बांधली, लाखेचं सील ठोकलं, कपाटात टाकली. किल्ली माझ्या जानव्याला.

१९ सप्टेंबर, रात्री
तक्रार ऑनलाइन दाखल. अमृताला वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर ती 'बस पापा, हो गया यार' म्हणून उठून गेली. भावनावश झाली असावी.

१० ऑक्टोबर
आयोगाने तक्रार दाखल करून घेतली. अनुपला नोटीस. उत्तराला त्याला महिनाभर मिळतो, कायदाच तसा आहे. तोवर भाषण बसवतो. सुरुवात 'मान्यवर'ने की 'श्रीमान'ने, ठरत नाही.
विभा चिकनकारीचा कुर्ता घ्यायला चौकात गेली. कुर्ता न घेताच आली. तरी खूश. कमाल आहे.

दिवाळी
अनुपकडून मिठाई. उघड लाच! विभा म्हणे, परत पाठवणं बरं दिसत नाही. तपासणीपुरत्या दोन बर्फ्या खाल्ल्या. मग आणखी दोन.

१४ नोव्हेंबर
अनुपचं उत्तर आलं. म्हणे साडी दुरुस्त करून दिली, आंटीजी समाधानी आहेत. धडधडीत खोटं! साडी माझ्या कपाटात सीलबंद आहे. विभाला वाचून दाखवलं. तिला ठसका लागला. बिचारीला धक्का बसला.
सुनावणीत आयोगाने विचारलं, मध्यस्थीने मिटवता का? ताडकन नाही म्हटलं. सील तुमच्यासमोरच फोडीन! अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला. पुढची तारीख २० फेब्रुवारी. म्हणजे लग्नानंतर. विभाला सांगताना जरा वाईट वाटलं. ती मात्र शांत. मला वाटलं त्यापेक्षा खंबीर आहे.

६ फेब्रुवारी
लग्न पार पडलं. विभा पैठणीत! रंग तोच, काठ तेच. आधी जानव्याची किल्ली चाचपली. तेलीबागच्या मैत्रिणीकडून, मंजिरीकडून उसनी आणली म्हणे. किल्ली माझ्याकडे, म्हणजे आपली असणं शक्यच नाही. दिसत होती मात्र थेट आमच्या लग्नातल्यासारखी. पाठवणीला अमृता तिच्या पदरात तोंड लपवून रडली. मीही रडलो.

९ फेब्रुवारी
खात्री करायला सील तपासलं. शाबूत. उलट आधीपेक्षा नीट दिसतंय. लाखेची कांडी निम्मीच उरलीय. घरात उंदीर झालेत.

२० फेब्रुवारी
आयोगात सील माझ्या हाताने फोडलं. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसून पदर पाहिला. सदस्यांनी पाहिला. फटी कहाँ है, विचारलं. दाखवायला वाकलो. काठ चाचपला, उजेडात धरला. चीर नाही. घडीतून दोन अक्षता मात्र टेबलावर पडल्या.
अनुप जमिनीकडे बघत होता. तक्रार मागे घेतली. त्यानेच स्कूटरवरून घरी सोडलं. आंटीजींना नमस्ते सांगितलंय.

संध्याकाळी
विभाने विचारलं, काय झालं? म्हटलं, सामोपचाराने मिटवलं, मीच मोठं मन केलं. ती म्हणाली, बरं केलंत, आमचं तर दिवाळीआधीच मिटलं होतं.
जानव्याची किल्ली सोडून तिच्यापुढे ठेवली. राहू द्या म्हणाली. तिच्याकडे दुसरी आहे.