वर्ग बोलेना म्हणून

तीर्थरूप आत्यास,

पाया पडते. तुझी कंबर कशी आहे? (खरं सांग. मागे 'उत्तम' म्हणालीस आणि काका म्हणाले, खुर्चीतून दोघांनी उठवावं लागतं.) मी ठीक आहे, म्हणजे नोकरी राहते की जाते, याच घोरात होते, म्हणून इतके दिवस पत्र नाही.

झालं असं, की माझा वर्ग बोलेचना. प्रश्न विचारला की सगळ्या माना खाली. मग मी घाबरून स्वतःच उत्तर द्यायची आणि वर त्यांनाच शाबासकी द्यायची. मुख्याध्यापिकाबाईंनी हे दारातून ऐकलं आणि म्हणाल्या, सोमवारी तुमच्या तासाला बसते, मग कायम करायचं का ते बघू. चित्रकलेच्या सरांनी सुचवलं, इंटरनेटवर शिक्षकांचा एक गट आहे, ठिकठिकाणचे लोक तिथे अडचणी मांडतात, तिथे विचारा. गटाचे नियम मी दोनदा वाचले (एका वेळी एकच प्रश्न, थोडक्यात) आणि तुझ्या वळणाप्रमाणे सुरुवात केली : सर्वांना नमस्कार, आपणा सर्वांची प्रकृती कशी आहे? आत्या, तोच माझा प्रश्न धरला गेला! (खरा प्रश्न खाली होता, तिथवर पोचतंय कोण?) दिवसभर उत्तरं. गणिताच्या एका सरांचा गुडघा, कुणाच्या टाचा, कुणाचा खडूने आलेला खोकला. विचारपूस करून गप्प बसणं आपल्या घरात चालत नाही, म्हणून मी एकेकाला 'काळजी घ्या' लिहीत बसले. त्यात भूगोलाच्या एका बाईंनी लिहिलं, घसा बसल्यामुळे त्या प्रश्न फळ्यावर लिहून नुसत्या उभ्या राहत, आणि जन्मात न बोललेली मुलं बोलायला लागली. मी लगेच विचारलं, उभं किती वेळ राहायचं? त्या म्हणाल्या, आपल्याला असह्य होतं त्याच्याही थोडं पुढे.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर बसल्या. मी विचारलं, लाकूड पाण्यात तरंगतं, मग खिळा का बुडतो? आणि गप्प राहिले. घाम पुसत टेबलाला टेकले. शेवटी खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "बाई, बरं वाटत नाहीये का?" मी मान हलवली (उभी की आडवी, मलाही ठाऊक नाही). "मग तुम्ही बसा. आम्ही सांगतो." आणि जुंपली की! एक म्हणे खिळा जड, दुसरा म्हणे मग जहाज काय हलकं असतं? मुख्याध्यापिकाबाईंना राहवेना, त्याच उत्तर सांगायला उठल्या, तर पुढच्या बाकावरून आवाज आला, "थांबा ना मॅडम, आमचं चाललंय!"

तास संपल्यावर म्हणाल्या, तुम्ही तर काही शिकवलंच नाहीत. मी कोरा फळा पुसायला लागले. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षीही हाच वर्ग घ्या.

काळजी नसावी. आता माझं मी निभावते.

तुझी भाची
(आणि तुझ्या स्वयंपाकघरातल्या शाळेची एकुलती विद्यार्थिनी)

ता. क. हे सगळं मी गटात प्रामाणिकपणे कळवलं. आता शुक्रवारी संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर बसून सगळ्यांना सांगायचंय. भिडेपोटी मी हो म्हणून बसले आहे.

पुन्हा ता. क. तर शुक्रवारी तू येच. बोलायला नको. लहानपणी प्रश्न विचारून तू मान खाली घालून बटणं शिवत बसायचीस, आणि मला कितीही वेळ लागला तरी वर बघायची नाहीस. तशी समोर बस. शर्ट काढून ठेवलेत. बटणं धड होती, ती आत्ताच तोडली.