ओटावाचा घाट

प्रिय अस्मिता,

फोन न करता एवढं लांबलचक लिहितेय म्हणून दचकू नकोस. तुझा आवाज आला की बाबा फोन माझ्या हातातून ओढूनच घेतात. पुढच्या शनिवारी ते तुझ्याकडे हॅलिफॅक्सला येणार, तू हॉस्पिटलात जाशील आणि नंदन दिवसभर आजोबांपाशी राहील, म्हणून तू त्याचं डे-केअर बंद करते आहेस. ते आधी थांबव.

व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत आम्ही ओटावाला गेलो होतो. तिथला कालवा पार्लमेंटशेजारून नदीत उतरतो, बोटी खाली उतरवायला एकाखाली एक दगडी हौद आणि हाताने फिरवून उघडायचे जुने दरवाजे. तुझ्या भावाने नेहमीप्रमाणे प्रत्येक फलक वाचून दाखवायचा सपाटा लावला होता. मला मात्र एक धड फोटो हवा होता. केयाचा हात बाबांच्या हातात दिला आणि मी वर पुलावर गेले.

फोनच्या स्क्रीनमध्ये पाहते तर बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, स्वतःच्या चपला आणि केयाचे बूट काठाशी नीट लावून ठेवलेले. काठावर बसून, एक पाय खाली सोडून ते पायरी चाचपत होते. खाली पायरी नव्हती गं, सरळ भिंत आणि दोन पुरुष पाणी. केया त्यांच्या हाताला. मी किंचाळले, पण पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? पळत पोचले तोवर तिथल्या कामगार मुलीने बाबांना मागून कवळ घालून खेचलं होतं. केया म्हणाली, ‘मम्मा, आजोबा सेड वी हॅव टु वॉश अवर फीट फर्स्ट.’ गणपतीच्या देवळात जाण्याआधी तुम्ही पाय धुवायचात तसे. बाबा वाईच्या घाटावर होते, आणि केयाला अस्मिता म्हणून हाक मारत होते.

तुझा भाऊ म्हणतो, ऊन लागलं. मे महिन्यात, कॅनडात! पण त्याला काय बोलू? मला जानेवारीपासून दिसत होतं. गॅस चालू राहायचा, ग्रोसरीला जाऊन रिकाम्या हाताने परतायचे. मी गप्प बसले, कारण केयाला शाळेतून तेच आणतात आणि माझी मीटिंग चुकत नाही. माझी मलाच लाज वाटते.

पार्किंगमध्ये बाबा पूर्ण भानावर आले. काय झालं असतं, ते त्यांना कळलं होतं. त्यांनी माझा हात धरून केयाच्या डोक्यावर ठेवला आणि तुला काही सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. नंदनला भेटायला ते दोन वर्षं झुरताहेत, मी घेतली. त्यांना येऊ दे, पण नंदनला त्यांच्याजवळ एकटं सोडू नकोस, एक मिनिटही. शपथा-बिपथा मी मानत नाही, तुला माहीत आहे. तरी आज केयाला शाळेत पाठवलं नाही, आणि हे लिहून होईपर्यंत तिला मांडीवरून उठूही दिलं नाही.

तुझीच,
देवयानी वहिनी