दादांच्या घड्याळातला चंद्र

प्रिय योगेश,

परवा तू घाईघाईत गेलास, तुझा डबाही इथेच राहिला. धुऊन ठेवलाय. संस्कृतीची परीक्षा सुरू आहे, पोरीचं जेवणात लक्ष नाही. बाकी धायरीत नेहमीचंच, पाणी दिवसाआड आणि ट्रॅफिक रोज. खरं तर फोनच करणार होते, पण हल्ली तुझा नंबर लावायला बोट पुढे होत नाही. वहिनीने पत्र पाठवलं म्हणून हसू नकोस. मी या घरात आले तेव्हा तू सहावीत होतास, तुझी दप्तरं मी भरली आहेत. तेवढा हक्क आहे माझा.

आपलं रान बिल्डरला गेलं त्या वर्षी तुम्ही दोघे भाऊ कॅम्पातून ती दोन घड्याळं घेऊन आलात, आठवतं? चंद्राच्या कला दाखवणारी. गच्चीवर गेलं की चंद्र फुकट दिसतो, असं मी म्हणाले आणि दोघांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. तुझं घड्याळ स्टीलचं, काळ्या तबकडीचं. त्यातला चंद्र फोटो काढल्यासारखा, खड्डे न खड्डे दिसणारा. तो जागचा हलत नाही, त्याच्यावरून फक्त सावली सरकते. तुझ्या दादांचं सोन्याचं, रोमन आकड्यांचं, चामडी पट्ट्याचं. त्यात मीनाकामाचं निळं आकाश, खाली दोन टेकड्या, आणि टेकडीआडून वर येणाऱ्या चंद्राला चक्क नाक-डोळे. तुझं बघताना शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक उघडल्यासारखं वाटायचं. दादांचं बघताना वाटायचं, तेच आपल्याकडे बघतंय. दुकानदाराने सांगितलं होतं, त्या चकतीवर चंद्र दोन रंगवलेले असतात. एक मावळला की त्याच्या जागी दुसरा येतो, दोघांचा चेहरा सारखाच, त्यामुळे बदली झाल्याचं घालणाऱ्याला कळतही नाही. दादांना याची फार मजा वाटायची. मला ती गोष्ट कधीच आवडली नाही.

मग शिवरात्रीच्या सुमारास दादा बसल्या जागी गेले. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. भावकीतल्या काकांनी संस्कृतीच्या लग्नाचा शब्द दिला. आत्याबाईंनी माझा सांभाळ करू म्हणून सांगितलं. शेजारच्या यमुनाबाई तर हात जोडून म्हणाल्या, "आरं बाबा, काय राह्यलं हाय ते तरी सांग." कावळे आपले समोरच्या फांदीवर बसून. ऊन चढलं, गुरुजी चुळबुळ करायला लागले. तेव्हा तू पुढे झालास आणि म्हणालास, "दादा, तुझं घड्याळ मी घालीन. बंद पडू देणार नाही." तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला. सगळ्यांना हायसं वाटलं. मीही रडले, बरं वाटून रडले.

घरी येऊन तू ते हातात चढवलंस. ते हाताच्या हालचालीवर चालतं, कुणी घातलं नाही की दोन दिवसांत थांबतं. ह्यांच्यामागे कपाटात ते बंद पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे त्यातला चंद्र मागे राहायला हवा होता. बाजूच्या बारीक खळगीत काडी दाबून तो पुढे घ्यावा लागतो, आणि ती कला फक्त तुझ्या दादांना यायची. दर पौर्णिमेला पंचांग उघडून बसायचे. या वटपौर्णिमेला मी घरातच बसून होते म्हणून तू मुद्दाम आलास, तेव्हा तो चंद्र पुरा गोल होता. मी विचारलं, तर तू म्हणालास, मला वाटलं वहिनी, तूच लावलास. दोघंही हसलो आणि विषय सोडून दिला.

पुढचं मात्र सोडून देता आलं नाही. घड्याळ तू उजव्या मनगटावर घालतोस. दादा डावखुरे होते म्हणून उजव्या हातात घालायचे, तुला काय कारण? वाघोलीहून नम्रताचा फोन आला होता. विचारत होती, "वहिनी, हे हल्ली डाव्या हाताने सही का करतात? बँकेतून चेक परत आला." मी म्हटलं, बायकोची गंमत करत असेल. तुझं काळं घड्याळ ड्रॉवरमध्ये बंद पडलंय, त्याची तू चौकशीही करत नाहीस, असंही ती म्हणाली. दादांचा पट्टा आधी तुझ्या मनगटावर बांगडीसारखा फिरायचा; आता तो नेमका त्यांच्याच भोकात घट्ट बसतो. आणि परवा आल्या आल्या तू फळीवरच्या डब्यामागे हात घालून सुपारी काढलीस. ह्यांची ती लपवायची जागा मलाही ते गेल्यावरच सापडली आहे.

आता खरं सांगते. तुझ्या दादांनी चारचौघांत मला कधी हाक मारली नाही. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नसलं की मात्र "सासवडकर" म्हणायचे, माहेरावरून चिडवायला. हे संस्कृतीलासुद्धा ठाऊक नाही. परवा मी ओट्याशी पाठमोरी उभी होते, आणि मागून तू म्हणालास, "सासवडकर, चहा होतोय का?" मी वळलेसुद्धा नाही. "होतोय, बसा ना," म्हणून दोन कप काढले, आणि योगेश, इतक्या महिन्यांनी मला केवढं सुख झालं. वळून बघितलं तर दारात तू उभा होतास, आणि आपण काय बोललो ते तुला आठवतही नव्हतं. म्हणून हे पत्र. ते घड्याळ काढ आणि नम्रताच्या हाती पाठवून दे. शब्द मोडल्याचं पाप मी माझ्या डोक्यावर घेते. तू स्वतः आणून देऊ नकोस. ते घालून पुन्हा माझ्या दारात आलास, तर ते काढ असं मला म्हणवणार नाही.

तुझीच,
प्रेमलावहिनी