शिवणाच्या खोलीतली खिडकी

ती. साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली तीन कागदावर टेकली असं समजावं.) आपली तब्येत ठीक असेल, ताईंचा खोकला उतरला असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे सुखरूप आहेत. सुखरूप म्हणजे हयात. कारण गेला दीड महिना आमच्या घरात खिडकी बदलण्याचं काम चाललं आहे, आणि तेवढ्यात मनुष्यजातीबद्दलचा माझा उरलासुरला आदरही आटोपला.

हिचं शिवणयंत्र जिच्याखाली असतं ती खिडकी तुम्हाला आठवत असेल. तिची लाकडी चौकट वाळवीने आतून पोखरली होती. एके दुपारी ही काच पुसत असताना अख्खी झडप हिच्या हातात आली. ती तशीच घेऊन ही बाहेरच्या खोलीत आली आणि म्हणाली, "अजून चार वर्षं टिकेल म्हणाला होतात ना? घ्या, टिकवा." मी ती घेऊन भिंतीला टेकवून ठेवली. (शहाण्याने प्रत्येक बोलण्याला उत्तर देऊ नये.) उरलेलं काढून टाकलं, भगदाडाला पत्रा ठोकला, आणि ही भर दिवसा बल्ब लावून शिवू लागली. डोळे चुरचुरतात म्हणते. परवा एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. तेव्हा खिडकी हवी, आणि लवकर हवी, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो चौकट कशाची, यावर.

पहिला आला सुतार. डॉक्टर छाती वाजवतात तशी त्याने भिंत वाजवली आणि सांगितलं, लाकडाला पर्याय नाही, लाकूड श्वास घेतं. घेऊ दे बापडं. पण आमच्या लाकडाने पावसाळ्यात घेतलेला श्वास ते हिवाळ्यापर्यंत सोडत नसे, आणि तोवर खिडकी उघडायला दोन माणसं लागत. बरं, वाळवीचं काय? तर म्हणे, वाळवी चांगल्याच लाकडाला लागते. म्हणजे आमच्या घरी ती आमची अब्रू वाढवायला आली होती. दुसरा अ‍ॅल्युमिनियमवाला. सोनाराने दागिने मांडावेत तसे त्याने चौकटीचे वीत-वीतभर तुकडे टेबलावर मांडले. गंज नाही, कीड नाही, रंगाची कटकट नाही. मी त्यातला एक तुकडा अर्धा तास उन्हात ठेवला आणि त्यालाच उचलायला सांगितला. त्याने उचलला, आणि तितक्याच चपळाईने सोडला. मग बोट तोंडात घालून म्हणाला, "पण काका, चौकटीला हात लावायचाच कशाला?" खिडकी ही लांबून नमस्कार करायची वस्तू आहे, हे मला या वयात कळलं.

तिसरा गळ्यात टाय बांधून आला. प्लास्टिक म्हटलं की त्याचा चेहरा पडे. "यूपीव्हीसी म्हणा, सर." (कावळ्याला काक म्हटल्याने तो गायला लागत नाही.) त्याच्याजवळ छोटी खिडकी बसवलेली एक पेटी होती आणि पेटीत वाजणारं गजराचं घड्याळ. खिडकी लावली की आवाज बंद. हिने ते तीनदा करून बघितलं आणि विचारलं, यात माणूस मावेल एवढी पेटी मिळते का. विचारताना ही माझ्याकडे बघत होती, हे मी मनावर घेतलेलं नाही. त्यात आमचे जावईबापू. त्यांनी फोनवर तोडगा काढला, बाहेरून अ‍ॅल्युमिनियम आणि आतून लाकूड अशी चौकट घ्या. म्हणजे बाहेरून चटका, आतून वाळवी. कुणी नाराज व्हायला नको.

अखेर सगळ्यांचं ऐकून, कुणाचंही न मानता, मी स्वतंत्र बुद्धीने यूपीव्हीसी ठरवलं. आपलंच ऐकलं असं टायवाल्याला वाटलं. तो गैरसमज मी तिथल्या तिथे दूर केला. खिडकी काल घरी आली. पांढरीशुभ्र आहे, अलगद उघडते, घट्ट लागते. अडाण्यांच्या गराड्यात एक जरी विचारी माणूस असला तरी घर तरतं, एवढंच कळवायचं होतं. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा साडू

ता. क. : खिडकी उघडते आणि लागते हे खरं आहे, पण सध्या ती बाहेरच्या खोलीत सोफ्याला टेकून उघडते. भिंतीतल्या जागेपेक्षा ती चार इंच रुंद आहे.

आणखी ता. क. : माप घ्यायला टायवाल्याने माणूस पाठवला होता. त्याचा टेप फारच नवा दिसला, म्हणजे अनुभव नसणार, म्हणून उंची मोजून झाल्यावर मी त्याला परत पाठवला आणि रुंदी स्वतः मोजली. माझ्या टेपचे पहिले चार इंच तुटलेले आहेत. ते वजा करायचे असतात. हे मला अकरा वर्षं माहीत आहे.

शेवटचं : तुमच्या मागच्या खोलीची भिंत अजून कमरेएवढीच आली आहे असं कळलं. तिच्यात साडेचार फूट रुंद जागा सोडायला गवंड्याला सांगावं. खिडकी माझ्याकडून भेट. आभार मानू नयेत. हिला मात्र यातलं काही बोलू नये. भिंत आकसली, असं मी हिला सांगितलं आहे.

(वेगळ्या अक्षरात) भावोजी, पत्र टाकायला माझ्याच हातात दिलं, म्हणून वाचलं. खिडकी कुठेही जात नाही. आमचा गवंडी दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच भिंत फोडून ती बसवून देतो म्हणतो. तीन दिवसांचं काम आहे, पण काका घरात असतील तर हात लावणार नाही म्हणाला. तेव्हा यांना आठवडाभर तिकडे बोलावून घ्या. भिंतीबाबत सल्ला हवा आहे, एवढंच लिहा; मिळेल त्या गाडीने निघतील.