शंभराचा दिवा आणि जेवायचा पाट

वडूज, ३ फेब्रुवारी १९६४
हायस्कुलात वीज आली, आम्ही राहतो त्या खोलीतही आली. सतरा तारखेला इन्स्पेक्टर माझा विजेचा पाठ बघणार. मग मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार. मी विजेला अजिबात भीत नाही. लाकडातून करंट जात नाही, एवढ्याचसाठी जेवायचा पाट शाळेत नेतोय. त्यावर उभा राहून शिकवीन. सौ. म्हणाली, मग जेवताना काय घ्यायचं बुडाखाली? बायकांना सायन्स कळत नाही.

६ फेब्रुवारी
शंभर वॅटचा आणि चाळीसचा, दोन दिवे पॅरललमध्ये, प्रत्येकाला वेगळी तार देऊन, जोडले. म्हणजे सिकंदर शिपायानं जोडले. तो आधी सांगलीला विजेच्या मोटारी रिवाइंड करायचा, म्हणजे जळालेल्या तारा नव्यानं गुंडाळायचा. मी पाटावरून देखरेख केली. शंभराचा लख्ख पेटला. मुलांना नियम लिहून दिला: मोठा दिवा कुठंही मोठाच. उद्या बटण मी दाबणार.

७ फेब्रुवारी
बटण सिकंदरनं दाबलं. माझे हात घामेजले होते. ओला हात धोक्याचा.

११ फेब्रुवारी
घात! आज सिरीज, म्हणजे एकामागं एक जोडले. चाळीसचा झगझगीत, शंभराचा मेल्यासारखा. सिकंदर म्हणतो, आवं सर, बरोबर हाय त्ये. बरोबर कपाळ! कारखान्यातच छाप उलटे पडलेत. दिव्यांखाली वॅटचे आकडे लिहून लावलेल्या चिठ्ठ्यांची गुपचूप अदलाबदल केली.

१७ फेब्रुवारी, सकाळी सहा
खरं लिहायचं तर फार भीती वाटतेय. पण ती इन्स्पेक्टरची, विजेची नव्हे.

त्याच दिवशी, दुपारी
सिरीज झकास! 'शंभर' चिठ्ठीचा जास्त पेटला. इन्स्पेक्टर म्हणाले, आता पॅरलल दाखवा. तर मेला 'चाळीस' लखलखला! का, म्हणाले. सिकंदरनं चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि बोलला, साहेब, सिरीजमधी दोघांतनं करंट सारखाच. चाळीसची तार अडवती जास्त, म्हून तापती जास्त. पॅरललमधी ज्यो त्यो आपला करंट खेचतो, तितं शंभर लय खेचतोय. मग इन्स्पेक्टर मला म्हणाले, बंद तरी तुम्ही करा. मी पाटासकट मागं सरकलो.

१९ फेब्रुवारी
शेरा आला: 'शिपाई हुशार. शिक्षक पाटावरून उतरेपर्यंत कायम करू नये.' म्हणजे नोकरी शाबूत! फक्त उतरायचंय. त्यात काय? आजच जमिनीवर मांडी घालून जेवलो. सौ.नं विचारलं, विजेचा दिवा लावू? म्हटलं, नको, रॉकेलची चिमणीच आण.