फ्रेंच शिकवल्याची कबुली

लातूर,
९ मे १९८३

तीर्थरूप सौ. सौदामिनीताईस,
धाकट्या रेणुकादासाचा वाकून नमस्कार. बिलोलीच्या आपल्या विहिरीला अजून पाणी आहे का, आणि भाऊजींचा गुडघा काय म्हणतो, ते कळव. इकडं तुझी इंदू सुखरूप आहे. मी नाही.

झालं असं, की दुष्काळ बघायला फ्रान्सहून एक पाणीतज्ज्ञ बाई आल्या. जिल्हा नवा, कचेरी नवी (खुर्च्यांचे कागदसुद्धा अजून काढलेले नाहीत), तेव्हा कलेक्टरसाहेबांच्या मनात आलं, की स्वागत फ्रेंचमध्येच व्हावं. आता गावात फ्रेंच येणारा म्हणून नाव कुणाचं निघणार? दोन वर्षं मीच तर सगळीकडं सांगत फिरत होतो.

ताई, माझं फ्रेंच पुस्तकातलं. कानानं मी ते कधी ऐकलेलं नाही. मी पडलो संस्कृतचा मास्तर, शब्द दिसला की त्याची अक्षरं पाडायची, लघु-गुरू लावायचे आणि चालीवर म्हणायचं, एवढंच मला येतं. 'फार' या अर्थाचा त्यांचा एक शब्द आहे, तो मी 'बे-आ-उ-को-उप' असा पाडला (छापलेलं अक्षर न म्हणता टाकून द्यायचं, हे माझ्या मनाला काही केल्या पटत नाही). इंदूकडूनही तसंच घोकून घेतलं, भुजंगप्रयाताच्या चालीवर.

तर मी दहा मिनिटं बोललो. बाईंनी हात जोडून सगळं ऐकलं आणि सोबतच्या दुभाष्यामार्फत सांगितलं, की मराठी भाषा ऐकायला फार गोड आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल दिली. ती अंगावर घेऊन घरापर्यंत चालत येताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरी लाज त्याची नाही. दोन वर्षांपूर्वी इंदूला हैदराबादला फ्रेंच शिकायला जायचं होतं. घरात मामा असताना पोरीला एवढ्या लांब कशाला धाडता, हे भाऊजींच्या गळी मीच उतरवलं होतं. पोरीची दोन वर्षं मी खाल्ली, ताई.

तुझा,
रेणुकादास

ता. क. हैदराबादचे अर्ज पंचवीस तारखेपर्यंत घेतात. भाऊजींना तयार कर. त्यांनी कारण विचारलं तर मामाकडचं सगळं शिकून झालं, एवढंच सांग. शालीचं मात्र आठवणीनं सांग.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र इंदूला वाचून दाखवलं. शेजारच्यांच्या रेडिओवर परदेशी स्टेशनचं फ्रेंच ऐकून तिला वर्षापूर्वीच सगळं कळलं होतं म्हणे. मग बोलली का नाहीस, विचारलं. तर म्हणाली, मामा, शिकवताना तुम्ही लई खुशीत असायचे. ताई, भाऊजींना खरं काय ते सांग.