सुवर्णाच्या लग्नात राहिलेली टोपी

तीर्थरूप दादा,

बेल्जियमच्या थंडीतून तेजूचा नमस्कार. खोकला नाही, जेवण वेळेवर आहे, भाकरीही जमते. फक्त गोल होत नाही.

काल पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय पाहिलं. गाईड म्हणाली, एका राजपुत्राला गोळी लागली, म्हणून एक देश उठला, त्याच्यासाठी त्याचा सोयरा उठला, मग सोयऱ्याचा सोयरा. बाकीचे चक्रावले. मला लगेच कळलं. चांदवडला मामांच्या सुवर्णाच्या लग्नात टॉवेल-टोपीसाठी माइकवर तुमचं नाव पुकारायचं राहिलं. तुम्ही पंगतीतून उठलात, म्हणून काका उठले, मग काकांचे व्याही. वाढपी तर आधीच उभे होते.

तिकडे शेवटी अमेरिका उतरली आणि युद्धाचं पारडं फिरलं. आपल्याकडे घोटीची आत्या उतरली, पण ती जिलेबी बांधून घेऊन गेली.

ते युद्ध चार वर्षांत मिटलं, दादा. तुमचं पाचवं लागलंय. आई अजून माहेरी गेलेली नाही. फोनवर चांदवडचं नाव निघालं, की तिला एकदम गॅसवरचं दूध आठवतं.

पार्सलमध्ये लोकरीची टोपी आहे. घालून बघा, छान दिसेल.

रंग मामांनी निवडलाय, व्हिडिओ कॉलवर.

तुमचंच नाक घेऊन जन्मलेली,
तेजू